शाळेतील पटावरचे खेळ : त्यांची रचना व पारख

(मावळ तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मावळातील पावसाळा हा शाळेच्या दृष्टीने एक निराळाच हंगाम असतो. पवन मावळ, अंदर मावळ, नाणे मावळ आणि लोणावळा-खंडाळ्याचा घाटमाथा या साऱ्या भागांत जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत मैदान म्हणून जे काही असते, ते चिखलाखाली जाते. मुले वर्गात आणि व्हरांड्यात कोंडली जातात. त्यातच वाडीवस्तीवरील शाळा बहुधा दोन शिक्षकांची, आणि इयत्ता मात्र चार किंवा पाच. पहिलीच्या मुलांना अक्षरओळख करून देत असता तिसरी-चौथीच्या मुलांच्या हाती काय द्यावे, हा प्रश्न अशा शाळेतील शिक्षकासमोर रोज उभा असतो. पाढे लिहा, धडा उतरवून काढा, हे त्याचे जुने उत्तर होय.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले आणि पायाभूत वयातील शिक्षण खेळाच्या द्वारे व्हावे, हा विचार त्याने ठळकपणे मांडला. २०२३ साली तीन ते आठ वर्षे वयाच्या बालकांसाठी ‘जादुई पिटारा’ हा साहित्यसंच काढण्यात आला. अनेक शिक्षक स्वतः पुठ्ठ्यावर पट आखतात, सोंगट्या व फासे तयार करतात. टॅबवरील आणि मोबाइलवरील खेळही शाळेत आले आहेत. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. यांपैकी पुष्कळसे खेळ पहिल्या आठवड्यानंतर कपाटावर जातात व तेथेच राहतात. याचा दोष कोणी मुलांच्या चंचलपणाला देतो, कोणी शिक्षकाच्या कामाच्या व्यापाला. वस्तुतः बऱ्याच वेळा दोष खेळाच्या रचनेतच असतो. पाठ चांगला झाला की नाही, हे शिक्षक जाणतो. तद्वतच खेळ चांगला रचलेला आहे की नाही, हेही त्याला पारखता आले पाहिजे. ही पारख कशी करावी, एवढाच या भाषणाचा विषय आहे.

पटावरच्या खेळातून शिकवणे ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे उगम पावलेली इंद्रायणी मावळातून वाहत देहूवरून आळंदीस जाते. त्या आळंदीस ज्ञानेश्वरांनी १२९६ साली समाधी घेतली. ‘मोक्षपट’ नावाचा खेळ ज्ञानेश्वरांनी रचला, अशी महाराष्ट्रातील परंपरा सांगते. परंपरेचा हा भाग श्रद्धेचा म्हणून सोडला, तरी जुने हस्तलिखित मोक्षपट महाराष्ट्रातील संग्रहांत आढळतात, ही गोष्ट खरी आहे. या पटावरील घरांना गुणांची व दोषांची नावे असत. सद्गुणाच्या घरातून शिडी वर जाई, दुर्गुणाच्या घरात सर्पाचे तोंड असे, आणि शेवटचे घर मोक्षाचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच खेळ सापशिडीच्या रूपाने इंग्लंडमध्ये विकला जाऊ लागला. तिकडील पटांवर आरंभी तिकडचे गुणदोष लिहिलेले असत. पुढे तेही गळाले. आज बाजारात मिळणाऱ्या सापशिडीवर आकडे, साप आणि शिड्या एवढेच उरले आहे.

या इतिहासातून शिक्षकाला घेण्यासारखी गोष्ट ही की, पटावर लिहिलेला उपदेश पुसला गेला तरी खेळ जसाच्या तसा चालू राहिला. म्हणजे खेळ चालण्यासाठी त्या उपदेशाची गरजच नव्हती. दान पडेल तसे सरकावयाचे, एवढाच नियम असल्याने ‘क्रोध’ या घरात जाणे किंवा न जाणे खेळणाऱ्याच्या हाती नव्हते. मनुष्याच्या हाती फारसे काही नाही, हेच ज्याला सांगावयाचे आहे त्याच्या दृष्टीने ती रचना सार्थ म्हणता येईल. परंतु ज्याला वजाबाकी शिकवावयाची आहे, त्याला ती पुरेशी नाही.

यावरून खेळाची पहिली कसोटी निघते : या खेळात मुलाला काही ठरवावे लागते काय? आणि जे शिकवावयाचे आहे ते त्या ठरवण्याच्या आत आहे, की बाहेरून चिकटवलेले आहे?

शाळांतून तयार होणाऱ्या खेळांचा नेहमीचा नमुना असा असतो. सापशिडीसारखा पट आखावा, प्रत्येक घरात ‘७ × ८ = ?’ असा एक प्रश्न लिहावा, उत्तर बरोबर आले तर सोंगटी पुढे न्यावी, चुकले तर तेथेच थांबवावी. यात श्रम पुष्कळ असतात व हेतूही चांगला असतो. तरीही हा खेळ नव्हे, ही रंगीत प्रश्नपत्रिका आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर उर्से येथे टोलनाका आहे. तेथे वाहने पैसे भरून पुढे जातात, पण टोल भरण्यासाठी म्हणून कोणी प्रवासास निघत नाही. अशा खेळातील गुणाकार हा तसाच टोल होय. ज्याला तो येतो तो भरतो, ज्याला येत नाही तो अडकून पडतो. दोघांपैकी कोणालाही गुणाकारात गोडी वाटण्याचे कारण घडत नाही.

आता त्याच सापशिडीत एकच फेरफार करून पाहावा. एका फाशाऐवजी दोन फासे घ्यावेत आणि नियम असा करावा की, दोन्ही दानांची बेरीज घ्यावी की वजाबाकी, हे खेळणाऱ्याने स्वतः ठरवावे. समजा, एका मुलीची सोंगटी २३ वर आहे आणि दाने ५ व २ अशी पडली. बेरीज घेतली तर ती ३० वर जाईल, वजाबाकी घेतली तर २६ वर. ३० चे घर रिकामे आहे, २६ वर मात्र ४४ पर्यंत जाणारी शिडी आहे. जे मूल केवळ ‘सात मोठे, तीन लहान’ एवढेच पाहते ते ३० वर जाते. जे मूल दोन्ही हिशेब मनात करून पाहते ते ४४ वर पोहोचते. येथे कोणी गणित घातलेले नाही, तरी प्रत्येक खेपेस मूल दोन गणिते आपण होऊन करते, कारण त्यांवाचून त्याला चांगली खेळी सापडत नाही. दोन्ही दाने सारखी पडली तर वजाबाकी शून्य येते व सोंगटी जागच्या जागी राहते. पुढे सापाचे तोंड असेल तर शून्य घेणेच शहाणपणाचे ठरते. शून्य म्हणजे काही नाही, असे समजणाऱ्या मुलाला शून्याचा उपयोग प्रथमच दिसतो.

याचा शिक्षकालाही लाभ आहे. मूल बेरीज घेते की वजाबाकी आणि घेण्यापूर्वी किती वेळ थांबते, हे दुरून पाहूनही त्याची समज कोठवर आली आहे हे कळते. वेगळी चाचणी घ्यावी लागत नाही.

दुसरी कसोटी अशी : खेळाचा नियम कोणत्या वागणुकीला फळ देतो? मूल पटावर छापलेले वाक्य शिकत नाही. ज्या वागण्याने डाव जिंकता येतो, ते वागणे शिकते.

याचे उदाहरण जगाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. अमेरिकेत एलिझाबेथ मॅगी या बाईंनी १९०४ साली ‘लँडलॉर्ड्स गेम’ या नावाच्या खेळाचे पेटंट मिळवले. जमिनीची मालकी थोड्यांच्या हाती गेल्याने बाकीचे कसे दरिद्री होतात, हे लोकांच्या अनुभवास आणून द्यावे, हा त्यांचा हेतू होता. तो खेळ हातोहात पसरत, बदलत गेला आणि १९३५ साली पार्कर ब्रदर्स या कंपनीने ‘मोनॉपॉली’ या नावाने तो बाजारात आणला. आपल्याकडे मुले ‘व्यापार’ म्हणून जो पट खेळतात तो याच घराण्यातला. जमीन बळकावणे वाईट, हे शिकवण्यासाठी निघालेला खेळ आज घराघरांत खेळला जातो, पण त्यात आनंद कशाचा? तर दुसऱ्याला दिवाळखोर करण्याचा. नियमाने फळ त्यालाच ठेवले होते, म्हणून मुले तेच शिकली.

वर्गातील एक साधे उदाहरण घ्यावे. अक्षरपत्त्यांचा खेळ चालू आहे. प्रत्येकाच्या हाती काही अक्षरे आहेत, त्यांतून शब्द करावयाचे आहेत. जितके शब्द तितके गुण, असा नियम असेल तर ‘क’ आणि ‘ळ’ हाती येताच मूल ‘कळ’ हा शब्द मांडून मोकळे होईल व डावभर दोन अक्षरी शब्दांपलीकडे जाणार नाही. पण दोन अक्षरी शब्दाला दोन गुण, तीन अक्षरी शब्दाला पाच आणि चार अक्षरी शब्दाला नऊ, असा नियम केला की तेच मूल थांबते, ‘म’ येण्याची वाट पाहते आणि ‘कमळ’ मांडते. थांबावे तर दुसरा पुढे जाण्याची भीती, न थांबावे तर गुण थोडे, अशा पेचात ते हातातील अक्षरे पुनःपुन्हा फिरवून पाहते. शब्दसंपत्ती वाढते ती या फिरवून पाहण्याने. पत्ते तेच, मुलेही तीच. गुणांच्या नियमात एक ओळ बदलली एवढेच.

तिसरी कसोटी या तालुक्यातील शाळांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे : वर्गातील सर्वांत मागे असलेले मूल डाव संपेपर्यंत खेळात राहते काय?

संगीत खुर्चीचा खेळ सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यात जो सर्वांत मंद तो सर्वांत आधी बाहेर पडतो आणि उरलेला वेळ भिंतीशी उभा राहून इतरांची मजा पाहतो. म्हणजे ज्याला सरावाची गरज सर्वांत अधिक त्याच्या वाट्याला सराव सर्वांत थोडा. स्नेहसंमेलनात हे चालून जाईल, शिक्षणाच्या खेळात चालणार नाही. मावळात ठाकर व कातकरी समाजांच्या वाड्या आहेत. कातकरी कुटुंबे हंगामात वीटभट्टीसारख्या कामावर परगावी जातात आणि मुले त्यांच्याबरोबर जातात. असे मूल महिने-दोन महिन्यांनी शाळेत परतते तेव्हा वाचनात मागे पडलेले असते, क्वचित घरची बोली व शाळेची भाषा यांतील अंतरानेही संकोचलेले असते. पहिल्याच दिवशी त्याला ज्यात बसता येईल असे शाळेत काय आहे? पुस्तकातील धडा पुढे गेलेला असतो, पण नीट रचलेला खेळ दोन डाव पाहून त्याला समजतो आणि तिसऱ्या डावाला ते बसू शकते. ज्या खेळाचे नियम लांब चिठ्ठीवर लिहिलेले आहेत व वाचल्यावाचून कळत नाहीत, तो खेळ त्याला पुन्हा दाराबाहेरच ठेवतो.

मागे पडलेल्याला सांभाळून घेण्याची युक्ती जुन्या खेळांत उत्तम साधलेली आहे. खेड्यात ज्याला चल्लस आठ म्हणतात आणि प्रदेशपरत्वे ज्याला निरनिराळी नावे आहेत, तो खेळ या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. पाच बाय पाच अशी २५ घरे खडूने जमिनीवर आखतात. चार बाजूंच्या मधल्या चार घरांवर आणि मध्यभागी फुल्या मारतात. चार खेळाडू, प्रत्येकाच्या चार सोंगट्या. सोंगट्या बाहेरच्या १६ घरांतून एका दिशेने फिरून आतल्या ८ घरांत शिरतात, तेथे उलट दिशेने फिरतात आणि शेवटी मधल्या घरात पोहोचतात. दानासाठी चार कवड्या किंवा मधोमध फोडलेले चार चिंचोके घेतात. जितके पांढरे वर तितके दान, चारही पांढरे तर चार, चारही काळे तर आठ. चार किंवा आठ पडल्यास पुन्हा टाकावयास मिळते.

या लहानशा खेळात किती गोष्टींचा विचार झालेला आहे, पाहा. दैव आहे, म्हणून दुबळ्या खेळाडूलाही आठ पडू शकतात व आशा सुटत नाही. पण केवळ दैव नाही. चार सोंगट्यांपैकी कोणती चालवावी, हे दर खेपेस ठरवावे लागते. दुसऱ्याची सोंगटी मारता येते, म्हणून पुढे गेलेला निश्चिंत राहू शकत नाही. फुलीच्या घरात मारता येत नाही, म्हणून भित्र्या मुलालाही आसरा आहे. पुष्कळ ठिकाणी असाही नियम असतो की, एकदा तरी कोणाची सोंगटी मारल्यावाचून आतल्या घरांत शिरता येत नाही. त्यामुळे नुसते पळत राहून जिंकणे शक्य होत नाही. सोंगटी मेली तरी खेळाडू बाहेर होत नाही, सोंगटी घरी येते आणि पुन्हा निघते. डाव संपेपर्यंत चौघेही पटाभोवतीच असतात.

वाघ-बकरीच्या खेळात हीच गोष्ट निराळ्या रीतीने साधली आहे. वाघ थोडे पण बळकट, बकऱ्या पुष्कळ पण दुबळ्या. बकरीच्या पलीकडची जागा रिकामी असेल तर वाघ उडी मारून तिला खातो. बकऱ्या एकीने राहिल्या तर वाघाला जागच्या जागी कोंडतात. दोन्ही बाजूंचे बळ असमान असूनही डाव अटीतटीचा होतो, आणि बाजू बदलून खेळल्यास एकाच मुलाला दोन्ही बाजूंनी विचार करण्याची सवय लागते. गुरे राखणाऱ्या घरातील मुलाला बकऱ्यांनी एकत्र का राहावे हे सांगावे लागत नाही. या खेळात ते पुष्कळदा शिक्षकाचाही गुरू होते.

चौथी कसोटी वेळेची : हा खेळ एका तासिकेत संपतो काय, आणि शिक्षक जवळ नसताना चालतो काय? अर्धवट राहिलेला डाव मुलांच्या मनात भांडण ठेवून जातो. वेळेचा अंदाज मात्र हिशेबाने बांधता येतो. चल्लस आठ हाच खेळ घ्यावा. चार चिंचोके टाकल्यास काळे-पांढरे पडण्याचे एकंदर १६ प्रकार संभवतात. त्यांपैकी एकचे दान ४ प्रकारांनी, दोनचे ६ प्रकारांनी, तीनचे ४ प्रकारांनी, चारचे एका व आठचे एका प्रकाराने पडते. सर्व दानांची बेरीज ४० होते. ती १६ ने भागली असता सरासरी दान अडीच येते. सोंगटीला आपल्या घरापासून मधल्या घरापर्यंत २४ घरे चालावयाची असतात. म्हणजे एका सोंगटीस सुमारे १० दाने, चार सोंगट्यांस ४० आणि चार खेळाडूंस मिळून १६०. एका दानाला पाव मिनिट धरले तरी ४० मिनिटे झाली, आणि सोंगट्या मरतील तो वेळ निराळा. तासिकेत हा डाव संपणार नाही, हे उघड आहे. परंतु प्रत्येकास चारऐवजी दोनच सोंगट्या दिल्या तर ८० दाने, म्हणजे २० मिनिटे होतात. सोंगट्या मरण्याजगण्यास आणि डावानंतर दोन शब्द बोलण्यास वेळ उरतो. कोणती सोंगटी चालवावी हा पेच दोन सोंगट्यांतही कायम राहतो. खेळ लहान करावयाचा असल्यास असा करावा. मुख्य पेच काढून टाकून तो लहान करू नये.

हाच हिशेब चौथी-पाचवीच्या मुलांकडून करून घेता येतो. मुलांनी शंभर वेळा चिंचोके टाकावेत आणि प्रत्येक दानाच्या खुणा मांडाव्यात. आलेले आकडे वरील हिशेबाशी तंतोतंत जुळणार नाहीत, कारण चिंचोक्याच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात. ते का जुळले नाहीत, याची चर्चा हा गणिताचा उत्तम पाठ होईल.

शिक्षकावाचून खेळ चालावयाचा तर नियम थोडे आणि दिसणारे असावेत. कोणाची पाळी आहे, कोणते घर सुरक्षित आहे, डाव केव्हा संपला, हे पटाकडे पाहूनच कळले पाहिजे. दर दोन मिनिटांनी ‘गुरुजी, हा चुकला’ अशी तक्रार येत असेल तर मुले भांडखोर आहेत असे समजण्याची घाई करू नये, नियमात कोठे संदिग्धता आहे हे पाहावे. दुसऱ्याच्या पाळीच्या वेळी मूल रिकामे बसते की काय, हेही पाहावे. जर्मनीत क्लाऊस टॉयबर यांनी रचलेला ‘कॅटन’ हा खेळ १९९५ साली निघाला व जगभर गेला. त्यात फासे कोणीही टाकले तरी त्या आकड्याचे उत्पन्न ज्याची वस्ती तेथे आहे त्या प्रत्येकास मिळते, आणि ज्याची पाळी असेल त्याच्याशी इतरांना देवघेव करता येते. त्यामुळे सर्वांचे लक्ष सर्व काळ पटावर राहते. शाळेच्या खेळात हेच साधण्याचा सोपा उपाय म्हणजे, एकाच्या हिशेबाची पडताळणी शेजाऱ्याने करावी आणि चूक पकडल्यास शेजाऱ्यास एक घर पुढे जाऊ द्यावे.

आता पडद्यावरील खेळांविषयी. त्यांच्यासाठी निराळे शास्त्र नाही, याच चार कसोट्या लावाव्यात. फरक एवढाच की, तेथील चित्रे व आवाज इतके मोहक असतात की रचनेतील उणीव झाकली जाते. म्हणून शिक्षकाने प्रथम एक सोपा प्रयोग स्वतः करावा. प्रश्नाकडे न पाहता पडद्यावर कोठेही बोट दाबीत जावे. चार पर्यायांपैकी एक बरोबर असेल आणि चुकल्यास काहीच गमवावे लागत नसेल, तर फार तर चौथ्या वेळी बरोबर उत्तर मिळते, टाळ्या वाजतात आणि खेळ पुढे जातो. अशा खेळात काही न शिकता शेवटपर्यंत जाता येते, आणि मुलांच्या ही गोष्ट शिक्षकाच्या आधी लक्षात येते. मूल भराभर दाबीत आहे म्हणून ते रमले आहे, असे समजणे भ्रमाचे होय. दुसरे असे की, केवळ वेगाला गुण देणारा खेळ ज्याला आधीच येते त्यालाच बक्षीस देतो. विचार करण्यासाठी थांबणारे मूल त्यात हरते, आणि थांबणे हा दोष आहे अशी त्याची समजूत होते. चूक झाल्यावर खेळ काय करतो, हे विशेष पाहावे. केवळ लाल फुली दाखवून कर्कश आवाज करतो, की चूक कोठे झाली ते दाखवून पुन्हा विचार करण्यास वाव देतो? शेवटी, जाहिराती येतात काय, जाळे नसताना तो चालतो काय आणि मराठी शुद्ध आहे काय, हेही पाहून घ्यावे. डोंगरातील शाळेत जाळ्यावाचून बंद पडणारा खेळ पावसाळ्यात निरुपयोगी ठरतो.

कोणी म्हणेल, एवढी पारख करावयास शिक्षकाला वेळ कोठे आहे? शंका रास्त आहे. परंतु वेळ जातो तो सुंदर पट रंगवण्यात. पारख करण्यास खडू आणि चार चिंचोके पुरतात. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या आदिवासी भागात नेले. परिसरात मिळणारे शंखशिंपले, बिया, खडे हेच त्यांच्या बालवाडीचे साहित्य होते. साहित्य महाग असण्यावर शिक्षण अवलंबून नाही, हे त्यांनी याच महाराष्ट्रात दाखवून दिले आहे.

प्रत्यक्ष कार्यवाहीसाठी पुढील सूचना उपयोगी पडतील.

१. नवा खेळ प्रथम जमिनीवर खडूने आखावा. तीन वेळा खेळवून नियम पक्के झाल्यावाचून पुठ्ठा व रंग यांवर खर्च करू नये.

२. पहिला डाव हुशार मुलांना न देता वर्गातील सर्वांत मागे असलेल्या दोन व मध्यम अशा दोन मुलांना द्यावा. खेळ त्यांना पेलला तर सर्वांना पेलेल.

३. नियम एकदाच तोंडी सांगून शिक्षकाने दूर व्हावे. मुले कोठे अडतात, कोठे भांडतात व कोठे कंटाळतात, एवढेच टिपावे. मध्ये पडू नये.

४. एका वेळी एकच नियम बदलावा. दोन बदलल्यास कोणत्या बदलाने खेळ सुधारला हे कळत नाही.

५. डाव संपल्यावर ‘कोण जिंकले’ या प्रश्नाआधी ‘ही सोंगटी का चालवलीस?’ हा प्रश्न विचारावा. ज्या खेळात मुलांना या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, त्यात ठरवण्यासारखे काही नाही असे समजावे.

६. मुलांना घरी येणारे खेळ त्यांच्याकडूनच शाळेत शिकून घ्यावेत. वाडीवरून आलेल्या मुलाने वर्गाला एक खेळ शिकवला, तर त्याला शाळेत आपले स्थान आहे असे वाटू लागते.

७. केंद्रातील प्रत्येक शाळेने तपासून पाहिलेला एक तरी खेळ, नियम व केलेले बदल यांसह, पुढील शिक्षण परिषदेत मांडावा.

डाव संपल्यावर मुले आपण होऊन ‘आणखी एक डाव’ म्हणाली आणि त्यात मागे पडलेल्या मुलाचाही आवाज असला, तर तो खेळ शाळेत ठेवण्याजोगा आहे. तो आवाज नसेल तर पट कितीही देखणा असला तरी पुसून टाकावा आणि नव्याने आखावा. खडूचा पट पुसण्यास फारसा खर्च येत नाही. पावसाळ्याचे चार महिने मात्र मुलाच्या वर्षाचा तिसरा हिस्सा असतात, आणि ते वाया गेल्यास भरून येत नाहीत.